शिक्का आणि खतावणी : ग्लॅडिस हेल्डमन यांच्या चरित्राची प्रस्तावना

क्रीडांगणावर ज्या व्यक्तीने एकही स्मरणीय विजय संपादन केला नाही, तिचे चरित्र क्रीडाप्रेमी वाचकांच्या हाती देताना लेखकाने आरंभीच थोडासा खुलासा करावा, हे शिष्टाचाराला धरून होईल. ग्लॅडिस हेल्डमन या अमेरिकन बाई १९५४ साली विम्बल्डनच्या हिरवळीवर स्पर्धक म्हणून उतरल्या होत्या, आणि त्यापूर्वी फॉरेस्ट हिल्स येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतही खेळल्या होत्या. परंतु त्यांच्या नावावर कोणताही मोठा चषक नाही, आणि असण्याचा संभवही नव्हता. कारण विजेते ज्या वयात घडून चुकलेले असतात त्या वयात, दोन मुलींची आई झाल्यानंतर, त्यांनी या खेळाची धुळाक्षरे गिरविली. तरीसुद्धा स्त्रियांच्या टेनिसला आज जे द्रव्य आणि जी स्वायत्तता लाभलेली दिसते, तिचा पाया घालणाऱ्या मूठभर माणसांत या बाईंचे स्थान अग्रभागी आहे. आणि त्यांची साधने म्हणाल तर मासिकाचा छापखाना, वर्गणीदारांच्या याद्या, जाहिरातदारांशी चाललेला पत्रव्यवहार, स्पर्धांचे जमाखर्च आणि करारनामे, अशी क्रीडाप्रेमी सहसा ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत ती होती. क्रीडासंस्थांचे प्रशासन आणि क्रीडेचे विपणन हे आता विद्यापीठांतून शिकविले जाणारे विषय झाले आहेत. त्या विषयांचे अभ्यासक्रम कोणाच्या स्वप्नातही नव्हते अशा काळात एका स्त्रीने हे दोन्ही व्यवसाय कसे चालविले, कोणाच्या पैशावर चालविले, आणि ते चालविता चालविता कोणती किंमत मोजली, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे.

ग्लॅडिस मेडली यांचा जन्म १३ मे १९२२ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. वडील जॉर्ज मेडली हे तेथील नामांकित कायदेपंडित. सरकारी वकिलीची मोठी जबाबदारी सांभाळून अखेरीस ते न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर विराजमान झाले. आई लॅटिन व ग्रीक या भाषांची व्यासंगी होती. स्वतः ग्लॅडिस यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी १९४२ साली घेतली, त्याच वर्षी ज्युलियस हेल्डमन यांच्याशी विवाह केला, आणि लगोलग बर्कली येथे मध्ययुगीन इतिहासात एम. ए. ची परीक्षा दिली. ज्युलियस हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ, आणि १९३६ चे कुमार गटातील राष्ट्रीय टेनिस विजेते. बाईंना या खेळाचे वेड लागले ते त्यांच्यामुळे. अभिजात भाषा आणि टेनिस एका कुटुंबात सुखाने नांदावीत, याचे मराठी वाचकाला तरी नवल वाटू नये. शंकर पांडुरंग पंडितांची कन्या, पंडिता क्षमाबाई राव, मुंबईत राहून संस्कृतात ग्रंथरचना करीत आणि टेनिसही खेळत; त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनला सामना जिंकला आणि असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. हेल्डमनांच्या घरातही मोठी खेळाडू निपजली ती मुलगीच. परंतु ज्युलीविषयी पुढे लिहावयाचे आहे.

हेल्डमनबाईंची कामगिरी यथार्थपणे समजावयाची तर त्या काळच्या टेनिसची राज्यव्यवस्था आधी ध्यानात घेतली पाहिजे, आणि ती थोडी विलक्षण होती. प्रत्येक देशात एक राष्ट्रीय संघ, त्या संघांचा मिळून एक आंतरराष्ट्रीय महासंघ, आणि या सर्वांच्या हाती एकच शस्त्र : मंजुरी. ज्या स्पर्धेवर संघाच्या मंजुरीचा शिक्का नाही तिच्यात खेळणाऱ्याला संघ निलंबित करीत असे, आणि निलंबित खेळाडूस विम्बल्डन, फॉरेस्ट हिल्स, राष्ट्रीय संघातील निवड, क्रमवारी, या सर्वांची दारे बंद होत. खेळ हौशी आहे असा सिद्धान्त होता. म्हणजे खेळाडूने बक्षिसाची रक्कम घ्यावयाची नाही, केवळ प्रवासखर्च आणि भोजननिवासाची तोशीस यजमानांनी सोसावयाची. प्रत्यक्षात नामांकित खेळाडूंना हा ‘खर्च’ लिफाफ्यातून भरघोस मिळत असे, ज्यांचे नाव लहान त्यांचा लिफाफाही लहान असे, आणि हे सर्वांना ठाऊक असूनही कोणाच्या दप्तरी त्याची नोंद नसे. आठवड्याचा बाजार भरतो शेतकऱ्याच्या मालावर, परंतु मुजोरी चालते जकातनाक्यावरच्या कारकुनाची, तसा हा प्रकार होता. या व्यवस्थेचे चालक बहुधा सधन, प्रतिष्ठित, विनावेतन काम करणारे गृहस्थ असत, आणि ते सगळेच लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या शिक्क्याची किंमत त्या शिक्क्यातच आहे, खेळाडूंत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. हेल्डमनबाईंनी ती समजूत खोटी ठरविली. अमुक शहरात टेनिस पाहणारे किती, रॅकेट विकत घेणारे किती, आणि त्या गिऱ्हाइकाशी गाठ पडावी म्हणून कोणता कारखानदार किती पैसे मोजील, याचा हिशेब संघाच्या कार्यालयात नव्हता. तो बाईंच्या खतावणीत होता.

ही खतावणी त्यांनी कशी जमविली, हा माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे, आणि गमतीची गोष्ट अशी की त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक लोक नेमका तोच भाग घाईघाईने ओलांडून १९७० पर्यंत पोहोचतात. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी बिऱ्हाड असताना बाईंनी स्थानिक टेनिसवार्तांचे एक लहानसे पत्रक काढले होते. त्यातूनच पुढे जून १९५३ मध्ये ‘वर्ल्ड टेनिस’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक त्या, प्रकाशक त्या, जाहिराती मिळविणाऱ्या त्या, पानांची मांडणी करणाऱ्याही त्याच. क्रीडामासिक चालविणाऱ्याला दोन प्रकारच्या विद्या आपोआप अवगत होतात. जगाच्या कानाकोपऱ्यातून निकाल, छायाचित्रे, खेळाडूंची पत्रे आणि तक्रारी त्याच्या मेजावर येऊन पडतात, त्यामुळे कोणत्या संघात कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणत्या गावची स्पर्धा बुडीत चालली आहे आणि कोणत्या गावात पैसेवाले उत्साही यजमान आहेत, याची बित्तंबातमी त्याच्यापाशी गोळा होते. आणि दुसरी विद्या जाहिरातीची : चेंडू, रॅकेट, कपडे, मोटारी विकणाऱ्यांकडे महिन्यामागून महिने खेटे घालताना, त्यांना खेळात रस नसून खेळ पाहणाऱ्या माणसात रस आहे हे सत्य त्याच्या अंगवळणी पडते. संपादकीय लेखांतून बाई संघांच्या कारभारावर सडेतोड टीका करीत, लिफाफ्यातील ढोंगाची टवाळी करीत आणि उघड व्यावसायिक टेनिसचा पुरस्कार करीत. परंतु त्यांचे खरे सामर्थ्य त्या अग्रलेखांत नव्हते असे मला वाटते, ते मासिकाच्या मागील पानांतील जाहिरातींच्या दरपत्रकात होते.

या सामर्थ्याची चुणूक दोन प्रसंगी दिसली. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ रेजिमेंटच्या शस्त्रागारगृहात भरणारी अमेरिकेची राष्ट्रीय अंतर्गृह स्पर्धा रडतखडत चालली होती. १९५९ मध्ये बाईंनी तिची आर्थिक जबाबदारी शिरावर घेतली आणि ती नफ्यात आणून दाखविली. पुढे १९६२ मध्ये, फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेला परदेशी खेळाडू पुरेसे येत नाहीत आणि त्यामुळे स्पर्धेचा दर्जा व प्रेक्षकांची संख्या दोन्ही घसरतात हे पाहून, त्यांनी धनिक स्नेह्यांना वर्गणी घालावयास लावून युरोपातून एक संपूर्ण विमान भाड्याने आणविले आणि त्यातून ऐंशीहून अधिक खेळाडू न्यूयॉर्कला उतरविले. रॉड लेव्हर यांनी एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम पुरा केला तो याच वर्षी आणि याच स्पर्धेत. त्यांचे नाव जगभर झाले हे योग्यच, परंतु इतके सारे परदेशी खेळाडू फॉरेस्ट हिल्सला जमले ते या बाईंच्या खटपटीने, हे विसरू नये. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की या दोन्ही प्रसंगी बाई संघाच्या विरोधात नव्हत्या. संघाचेच अडलेले गाडे त्या ओढून देत होत्या. संघाने त्यांचे साहाय्य घेतले.

१९६८ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधली भिंत अखेर कोसळली आणि खुल्या टेनिसचे युग सुरू झाले. ज्यांनी या बदलासाठी वर्षानुवर्षे लेखणी झिजविली त्यांत हेल्डमनबाई होत्या. पण उघड पैसा येताच एक विचित्र गोष्ट घडली. लिफाफ्यांच्या काळात स्त्रियांना कमी मिळते हे झाकलेले होते, ते आता आकड्यांत छापून येऊ लागले. त्या वर्षीच्या पहिल्या खुल्या विम्बल्डनमध्ये पुरुष विजेते लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले, स्त्री विजेत्या बिली जीन किंग यांना ७५०. त्यानंतर स्पर्धांचे आयोजक स्त्रियांचे सामने हळूहळू कमी करू लागले, कारण पुरुष व्यावसायिकांचे मानधन भागवून उरलेल्यात जे बसेल तेवढेच स्त्रियांसाठी काढून ठेवावे असा शिरस्ता पडत चालला. १९७० च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिस येथील पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेची बक्षिसे जाहीर झाली : पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर, स्त्री विजेतीला १,५००, आणि उपउपांत्य फेरी न गाठणाऱ्या स्त्रीला काहीही नाही. आयोजक होते जॅक क्रेमर, स्वतः थोर खेळाडू आणि व्यावसायिक टेनिसचे अनुभवी संघटक. फॉरेस्ट हिल्सला जमलेल्या किंग, रोझी कॅझल्स आणि नॅन्सी रिची या तिघींनी हेल्डमनबाईंना गाठले. बाई क्रेमर यांच्याकडे गेल्या. क्रेमर यांनी आकडे बदलण्यास नकार दिला.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही अन्यायाच्या कहाणीसारखी आहे, आणि असल्या कहाणीत पुढील पायरी बहुधा बहिष्काराची असते. बहिष्काराची भाषा तेव्हाही झाली. बाईंनी मात्र त्याच आठवड्यात ह्यूस्टनला दुसरी स्पर्धा उभी केली. तेथील रॅकेट क्लबमध्ये त्यांची जुनी ओळखपाळख होती. क्लबच्या उत्साही स्त्रीसभासदांनी ५,००० डॉलरची तजवीज केली. बाईंचे स्नेही जो कलमन हे फिलिप मॉरिस या तंबाखूच्या कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांनी २,५०० डॉलरची भर घालून, त्यांच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी खास स्त्रियांसाठी बाजारात आणलेल्या सिगारेटचे, व्हर्जिनिया स्लिम्सचे, नाव स्पर्धेला द्यावे असे ठरले. एकूण बक्षीस ७,५०० डॉलर. अमेरिकेच्या टेनिस संघाने मंजुरी नाकारली. बक्षिसाचा उच्चार न करता ही स्पर्धा हौशी म्हणून भरवा आणि आतून काय द्यावयाचे ते द्या, असा मार्गही संघाकडून सुचविण्यात आल्याचे त्या वेळच्या खेळाडूंनी सांगून ठेवले आहे. म्हणजे ज्या लिफाफ्याविरुद्ध बाई सतरा वर्षे लिहीत आल्या होत्या, तोच त्यांच्या पुढ्यात ठेवण्यात आला.

२३ सप्टेंबर १९७० रोजी बाईंनी त्यावर जो तोडगा काढला तो न्यायमूर्तींच्या कन्येला शोभणारा होता. संघाची शिस्त चालत होती ती संघाच्या अखत्यारीतील खेळाडूंवर आणि क्लबांवर. तेव्हा खेळाडूंनी संघाऐवजी बाईंशीच करार करावा, करारबद्ध व्यावसायिक व्हावे, आणि क्लबाला निलंबनाच्या झळीपासून वाचवावे. प्रत्येकीने एका आठवड्यापुरता करारनामा केला आणि मोबदला घेतला एक डॉलर, कारण कराराला मोबदला लागतो आणि एक डॉलर हाही मोबदलाच होय. किंग, कॅझल्स, रिची, पीचेस बार्टकोविच, क्रिस्टी पिजन, व्हॅलरी झीगनफस, ऑस्ट्रेलियाच्या केरी मेलव्हिल व ज्यूडी डाल्टन, आणि बाईंची स्वतःची कन्या ज्युली, अशा या नऊ जणी. ज्युलीचे कोपर दुखावलेले असल्यामुळे तिला सामना खेळणे शक्य नव्हते. तेव्हा ती किंग यांच्याविरुद्ध केवळ एक गुण खेळली, एवढ्यासाठी की निलंबन व्हावयाचे तर ते आपलेही व्हावे. अंतिम सामन्यात कॅझल्स यांनी डाल्टन यांचा पराभव केला. संघाने आपली धमकी खरी केली, आणि मग त्याच्या ध्यानात आले असावे की ज्या खेळाडूंना पाहण्यासाठी लोक तिकीट काढतात त्यांनाच बाहेर घालविल्यावर हाती उरतो तो केवळ शिक्का.

आता तंबाखूविषयी. पाश्चात्य लेखकांपैकी पुष्कळांनी या मुद्द्याला एखाद्या वाक्यात वाटेस लावले आहे आणि काहींनी तर ते कर्तबगारीचेच एक चिन्ह मानले आहे. मला दोन्ही पसंत नाही. तारखा एकापुढे एक ठेवून पाहिल्या तर चित्र स्वच्छ होते. सिगारेट ओढल्याने फुप्फुसांचा कर्करोग होतो असा स्पष्ट निष्कर्ष अमेरिकन सरकारच्या आरोग्याधिकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून सिगारेटची जाहिरात करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांनी १ एप्रिल १९७० रोजी सही केली, आणि ती बंदी जानेवारी १९७१ मध्ये अंमलात आली. त्याच जानेवारीत व्हर्जिनिया स्लिम्सच्या नावाने स्त्रियांच्या स्पर्धांची मालिका सुरू झाली. तंबाखूवाल्यांकडे जाहिरातीचा पैसा होता आणि तो ओतावयाचे भांडे हिरावले गेले होते. स्त्रियांच्या टेनिसपाशी भांडे होते आणि त्यात घालावयास काही नव्हते. कलमन टेनिसचे निस्सीम भक्त होते हे खरे आहे, आणि त्यांनी खेळाडूंना दिलेला शब्द पाळला हेही खरे आहे. परंतु याच कलमन यांनी १९७१ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, धूम्रपान करणाऱ्या मातांची मुले वजनाने लहान जन्मतात याविषयी छेडले असता, लहान मूल काही स्त्रियांना पसंतही पडेल अशा आशयाचे उत्तर दिले, हेही तितकेच खरे आहे. स्त्रियांच्या खेळाला आपल्या पायावर उभे करणारे द्रव्य स्त्रियांना सिगारेटची सवय लावण्यासाठी खर्ची पडत होते. दुसरा कोणी यजमान त्या वेळी पुढे आला नाही, म्हणून बाईंचा निर्णय मी समजू शकतो. त्याला निष्कलंक म्हणणे मला शक्य नाही. आपल्याकडे या बाबतीत नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला नाही हेही सांगून टाकतो, कारण १९९६ चा क्रिकेटचा विश्वचषक आपण विल्स सिगारेटच्या नावानेच भरविला होता, आणि त्या वेळी तर पैशाची अडचणही नव्हती.

१९७१ च्या मालिकेत एकोणीस स्पर्धा झाल्या आणि बक्षिसांची एकूण रक्कम तीन लक्ष डॉलरच्या वर गेली. हे कसे साधले याचे तपशील पुढे स्वतंत्र प्रकरणात आहेत. येथे पद्धत तेवढी सांगतो. तंबाखूच्या कंपनीचे नाव आणि मूळ रक्कम हा आधार होता, परंतु प्रत्येक गावी एक स्थानिक यजमान, एक सभागृह आणि एक स्थानिक पुरस्कर्ता बाईंनी आपल्या मासिकाच्या ओळखींतून शोधून काढावा, असा क्रम असे. सान फ्रान्सिस्कोची पहिली स्पर्धा तर मोटारी विकणाऱ्या एका पेढीच्या नावाने झाली. खेळाडूंनी पहाटे उठून दूरचित्रवाणीवर मुलाखती द्याव्यात, दुपारी शाळकरी मुलांना खेळाचे धडे द्यावेत, पुरस्कर्त्यांच्या मेजवान्यांना हजर राहावे, गर्दी नसेल तेथे रस्त्यावर उभे राहून तिकिटे वाटावीत, आणि रात्री सामना खेळावा. इंग्लंडचे विख्यात वेषकार टेड टिनलिंग यांच्याकडे पोशाखांचे काम आले आणि पांढऱ्या टेनिसमध्ये रंग आले. त्याच वर्षी बिली जीन किंग या एका वर्षात एक लक्ष डॉलर मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री खेळाडू ठरल्या, आणि त्यांच्या अभिनंदनासाठी दूरध्वनी केला तो निक्सन यांनी, म्हणजे ज्यांच्या सहीने सिगारेटवाल्यांचा पैसा अप्रत्यक्षपणे या खेळाकडे वळला होता त्यांनीच. इतिहासाला कधी कधी विनोदबुद्धी असते.

यानंतरचा अध्याय कडवट आहे. बाईंनी ‘वर्ल्ड टेनिस’ १९७२ मध्ये सी. बी. एस. या प्रसारण कंपनीला विकले. अमेरिकन संघाने ख्रिस एव्हर्ट आणि इव्हॉन गुलागाँग यांना घेऊन आपली प्रतिस्पर्धी मालिका उभी केली. बाईंनी स्वतंत्र संघटना काढून न्यायालयात फिर्याद दाखल केली. आणि १९७३ मध्ये उभय पक्षांत तह झाला. दोन मालिकांची मिळून एक मालिका व्हावी, व्हर्जिनिया स्लिम्सचे नाव राहावे, खेळाडूंवर ठपका नसावा, हे सर्व ठरले. आणि ग्लॅडिस हेल्डमन यांनी या व्यवस्थेत असू नये, हेही ठरले. त्यांनी जमविलेल्या खेळाडू, पुरस्कर्ते आणि गावे यांपैकी संघाला काहीही गमवावयाचे नव्हते; जमविणारी तेवढी नको होती. जून १९७३ मध्ये लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात किंग यांच्या पुढाकाराने स्त्री खेळाडूंची स्वतःची संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेने पुरुष व स्त्रिया यांची बक्षिसे समान केली. सप्टेंबरात ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये किंग यांनी पुरुष खेळाडू बॉबी रिग्ज यांना हरविले तेव्हा तीस हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. त्याच शहरातील क्लबात तीन वर्षांपूर्वी एक डॉलरचे करारनामे करून घेणाऱ्या बाईंचा तोवर कोणत्याही कारभाराशी अधिकृत संबंध उरला नव्हता.

आपल्याकडेही १९७३ हेच वर्ष स्त्रियांच्या क्रिकेटच्या आरंभाचे आहे, हा योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षी भारतीय स्त्री क्रिकेट संघटना नोंदली गेली आणि एप्रिलमध्ये पुण्यात मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश या तीनच संघांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे प्रेमलाकाकी चव्हाण यांच्यासारख्या स्त्रियांनी तिच्या कारभारात लक्ष घातले, खेळाडूंनी रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास केले, आणि २००६ मध्ये ही संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली तेव्हा तिच्या सचिव होत्या पुण्याच्याच शुभांगी कुलकर्णी, ज्या स्वतः भारताच्या कर्णधार व फिरकी गोलंदाज होत्या. या संघटनेपाशी सिगारेटवाल्यांचा पैसा नव्हता, मासिक नव्हते, वर्गणीदारांची यादी नव्हती. हेल्डमनबाईंना जे तीन वर्षांत साधले त्यासाठी आपल्याकडे जवळजवळ अर्धे शतक गेले. सामन्याचे मानधन पुरुषांइतके करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला आणि स्त्रियांची साखळी स्पर्धा २०२३ मध्ये सुरू झाली. सोशिकपणाची आपल्याकडे वाण नव्हती. हिशेब मांडून बाजारात जाणारे माणूस मात्र आपल्याला मिळाले नाही, किंवा मिळाले असल्यास त्याला कोणी खुर्ची दिली नाही.

बाईंच्या नावाचा समावेश आंतरराष्ट्रीय टेनिसच्या कीर्तिमंदिरात १९७९ साली झाला. नऊ करारबद्ध खेळाडूंना गट म्हणून तोच मान मिळावयास २०२१ उजाडले, आणि त्या वेळी बाई हयात नव्हत्या. २००३ च्या जूनमध्ये न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे त्यांचा अंत झाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी ज्युली हेल्डमन यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि बाहेरच्या जगाला चतुर, विनोदी, उदार वाटणारी ही स्त्री घरात मुलीशी किती निष्ठुरपणे वागली, तिच्या यशाचा कसा पाणउतारा केला आणि त्याचे व्रण मुलीच्या मनावर किती खोल राहिले, हे त्यात सविस्तर आले आहे. चरित्रनायिकेच्या गौरवाला धक्का लागू नये म्हणून हा भाग गाळावा, असा सल्ला मला काही स्नेह्यांनी दिला. तो मी मानलेला नाही. ज्या ज्युलीने आईच्या बाजूने निलंबन ओढवून घेण्यासाठी दुखऱ्या हाताने एक गुण खेळून दाखविला तीच ही साक्ष देत आहे, म्हणून तिला वैरभावाचा आरोप चिकटत नाही. आणि नऊ खेळाडूंच्या बाबतीत जिचा हिशेब चुकला नाही तिचा घरातला हिशेब असा का चुकला, हा प्रश्न टाळून लिहिलेले चरित्र अपुरे राहिले असते. म्हणून मासिक, स्पर्धा आणि करार यांसंबंधीची प्रकरणे बाईंचे स्वतःचे लेखन व त्या काळचे छापील वृत्तान्त यांच्या आधारे लिहिली आहेत, आणि घरासंबंधीच्या दोन प्रकरणांत ज्युलीची साक्ष प्रथम नोंदविली आहे.